साडेपंधरा तास की अठ्ठावीस? नागपूर ते सॅन फ्रान्सिस्कोचा हिशेब

त्रिमूर्ती नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू पहिल्यांदाच मुलाकडे अमेरिकेला निघाल्या आहेत. परवा संध्याकाळी वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, मी दोन्हीकडून ताळा करून पाहिला."

वहीत दोन गणितं होती. पहिलं तिकिटावरून केलेलं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून निघायचं मंगळवारी रात्री ९.३० ला, सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचं बुधवारी दुपारी १ ला. वजाबाकी केली की साडेपंधरा तास. दुसरं गणित इंटरनेटवरून. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर सांगणारी एक साइट त्यांना सापडली होती. तिनं सांगितलं सुमारे १३,१०० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेग धरला तर परत साडेपंधरा तासच.

"ताळा जमला. अन् हा पोरगा फोनवर म्हणते, आई, अठ्ठावीस तास लागतील. काहून?"

काकूंच्या दोन्ही गणितांत आकडेमोडीची चूक नाही, आणि घोटाळा तिथंच आहे. दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत, ती सारखी आली हा निव्वळ योगायोग. खरा आकडा पोराचा. मग बाकीचे साडेबारा तास गेले कुठे?

१३,१०० किलोमीटर कुणी मोजले?

कुणीच नाही, ते काढलेले असतात. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठरलेले आहेत. नागपूरचा विमानतळ साधारण २१.१ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व. सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६ अंश उत्तर, १२२.४ अंश पश्चिम. पृथ्वी गोल आहे आणि तिची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे एवढं धरलं की त्या दोन ठिपक्यांमधलं पृष्ठभागावरचं सर्वांत कमी अंतर सूत्रानं निघतं. या सर्वांत जवळच्या रेषेला बृहद्वृत्त म्हणतात. म्हणजे पृथ्वीच्या बरोबर केंद्रातून सुरी फिरवली तर सालीवर जी कड उमटेल, ती. पुढं मी तिला नुसतं 'जवळची रेषा' म्हणेन.

जाता जाता एक. हे सूत्र आज मोबाइलवर क्षणात सुटतं, पण या देशाची मापं सुरुवातीला साखळ्या आणि कोनमापकं घेऊन पायी घेतली गेली. ती महामोजणी १८०२ मध्ये मद्रासहून सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येत असताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. नागपुरातला झिरो माइलचा दगड याच मोजणीच्या वंशावळीतला. आपल्याकडे त्याच्यापुढं उभं राहून सेल्फी काढतात, लॅम्बटनचं नाव फारसं कुणी घेत नाही.

संत्रं घ्या, दोरा घ्या

नागपूरचा माणूस लिहितोय म्हटल्यावर संत्रं येणारच, पण इथं त्याचं खरंच काम आहे. संत्र्याचा देठ म्हणजे उत्तर ध्रुव समजा. मधल्या रेषेच्या थोडं वर पेनानं एक ठिपका द्या, ते नागपूर. त्याच उंचीवर उजवीकडे साधारण एक तृतीयांश फेरी सोडून दुसरा ठिपका द्या, ते हवाई बेटांवरचं होनोलुलू. ही कल्पना नाही बरं, होनोलुलूचा अक्षांशही २१.३ आहे, म्हणजे नागपूरच्या जवळपास बरोबरीचाच.

नकाशात पाहिलं तर वाटेल, नाक पूर्वेला धरून सरळ जायचं. आता दोऱ्याचं एक टोक एका ठिपक्यावर, दुसरं दुसऱ्यावर धरा आणि दोरा ताणा. तो पूर्वेला सरळ राहत नाही, देठाकडे सरकतो. नागपूर-होनोलुलू ही जवळची रेषा मध्यावर ३९ अंश उत्तरेपर्यंत चढते. अक्षांश धरून सरळ पूर्वेला गेलं तर सुमारे १२,७५० किलोमीटर पडतात, वाकड्या दिसणाऱ्या रेषेनं १२,२४०. पाचशे किलोमीटर वाचले.

नकाशा फसवतो कारण साल सपाट पसरता येत नाही. सोललेली साल टेबलावर दाबून पाहा, कुठंतरी फाटतेच. १५६९ मध्ये मर्केटरनं जो नकाशा केला, त्यात साल फाटू नये म्हणून वरचा-खालचा भाग ताणला. दिशा बरोबर राहिल्या, आकारमानं बिघडली. म्हणून शाळेतल्या भिंतीवरच्या तशा नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

पण अमेरिका पश्चिमेला ना?

काकूंचा हा पुढचा प्रश्न. आपल्या मनातला अमेरिकेचा रस्ता म्हणजे अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक. पण नागपूर-सॅन फ्रान्सिस्कोची जवळची रेषा सोनेगावहून जवळजवळ उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून निघते. पश्चिम नेपाळ, तिबेट, शिनजियांग, मंगोलियाचा पश्चिम कोपरा, मग अख्खा सैबेरिया. आर्क्टिक महासागराच्या काठावर ७२ अंश उत्तरेला ती सर्वांत वर जाते आणि तिथून अलास्कावरून खाली उतरते. युरोपचा संबंधच नाही.

पटत नसेल तर जून २०२३ ची बातमी आठवा. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळं रशियाच्या पूर्व टोकाला मगादान इथं उतरवावं लागलं. दोनशेवर प्रवासी तिथं अडकले. 'अमेरिकेला जाणारं विमान रशियात कसं पोचलं?' असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. ते वाट चुकलं नव्हतं, वाटेवरच होतं.

मग काकूंचं विमान त्या रेषेवरून का जात नाही?

पहिली अडचण तिबेटची. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर डोक्यावरून ऑक्सिजनचे मुखवटे खाली येतात, पण त्यातला ऑक्सिजन काही मिनिटांचाच असतो. तेवढ्यात वैमानिकाला सुमारे १०,००० फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर उतरावं लागतं, तिथं माणसाला नुसत्या हवेवर श्वास घेता येतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. उतरणार कुठं? म्हणून विमानं शक्यतो ते पठार टाळतात, किंवा सुटकेची वाट आधी आखून ठेवलेल्या ठरावीक मार्गानंच जातात.

दुसरी अडचण माणसांची, आणि सध्या तीच जास्त बातम्यांत असते. आकाशालाही सातबारा असतो. प्रत्येक देश आपल्या जमिनीवरच्या हवेचा मालक आहे आणि तो नाही म्हणू शकतो. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. त्यानंतर रशियानं युरोपातल्या पुष्कळ कंपन्यांना आपल्यावरून उडायला मनाई केली, आणि हेलसिंकी-टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानंही त्यांना केलं. दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्या भारतीय विमानांना खाली अरबी समुद्राकडे वळसा घालणं भाग पडलं. वळसा म्हणजे जास्त इंधन, आणि अमेरिकेच्या काही फेऱ्यांना वाटेत इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबावं लागलं.

गावातला सरळ रस्ता एखाद्याच्या वावरातून जातो, आणि त्याच्याशी आपलं भांडण आहे. मग बांधाबांधानं जा. अंतर सांगणारी साइट वावरं मोजते, भांडणं मोजत नाही.

नागपूरहून थेट का नाही?

सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे. विमानतळाला लागून असलेल्या मिहान प्रकल्पात बोइंगची मोठी विमानं दुरुस्तीला येऊन उतरतात. बोइंग ७८७ च्या लांब पल्ल्याच्या प्रकाराची क्षमता १४,००० किलोमीटरच्या आसपास सांगितली जाते, म्हणजे कागदावर सॅन फ्रान्सिस्को गाठता येतं. पण विमान भरायला रोज अडीच-पावणेतीनशे माणसं लागतात, आणि नागपूरहून एका दिवशी सॅन फ्रान्सिस्कोलाच जाणारे एवढे कुठून आणणार? म्हणून दहा गावांची माणसं एका मोठ्या विमानतळावर गोळा करायची आणि तिथून एकत्र न्यायची. अशा ठिकाणाला हब म्हणतात.

गंमत अशी की एकेकाळी हब आपणच होतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत सगळी आपापल्या गावी परत. हवेतून मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५०, चेन्नई ९१०, कोलकाता ९८० किलोमीटर. मधोमध असण्याचा याहून रोकडा उपयोग नागपूरला क्वचितच झाला असेल. आज अमेरिकेसाठी आपणच दिल्लीला जाऊन थैलीसारखे बदलले जातो.

काकूंचा मार्ग नागपूर-दिल्ली-फ्रँकफर्ट-सॅन फ्रान्सिस्को असा आहे. तिन्ही टप्प्यांच्या जवळच्या रेषा जोडल्या, ८५० अधिक ६,१२० अधिक ९,१५०, तर १६,१०० किलोमीटर होतात. १३,१०० नाही. तीन हजार किलोमीटर नुसते वाट वाकडी केल्याचे, त्यातही वळसे धरलेलेच नाहीत.

अंतर भागिले वेग, एवढं सोपं असतं तर

नागपूर-मुंबईचं उदाहरण घ्या, ते आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. ६८० किलोमीटर, ताशी ८०० चा वेग, उत्तर ५१ मिनिटं. तिकिटावर मात्र दीड तासाच्या वरच लिहिलेलं असतं.

कारण तिकिटावरची वेळ उडण्याची नसते. दारं लावून विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडच्या जागेवर थांबलं तिथपर्यंतची असते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं. चढताना वेग कमी, उतरताना कमी, १०,००० फुटांखाली तर साधारणपणे ताशी ४६० किलोमीटरची मर्यादाच. मग दिशेचा प्रश्न. सोनेगावच्या धावपट्टीची नावं १४ आणि ३२ आहेत, म्हणजे तिची तोंडं होकायंत्रावर साधारण १४० आणि ३२० अंशांना, आग्नेय आणि वायव्य. वारा आग्नेयेचा असेल तर विमान तोंडावर वारा घेत आग्नेयेलाच उडतं आणि मग मुंबईसाठी वळतं. मुंबईजवळ गर्दी असली की घिरट्या. एसटी स्टँडाबाहेर फलाट रिकामा व्हायची वाट पाहत उभ्या गाडीत बसलोय, तसंच.

शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. 'आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो आहोत' ही घोषणा ऐकून आपण खूश होतो, पण ती वीस मिनिटं आधीच तिकिटात घातलेली असतात. मला ही युक्ती जरा बनेल वाटते. तरी पुढची जोडफेरी असलेल्याला तीच वाचवते, हेही खरं.

टप्पा लहान असला की ही वरकड जास्त जाणवते. अकरा तासांच्या उड्डाणात अर्धा तास इकडं-तिकडं, मुंबईच्या फेरीत तोच अर्धा तास म्हणजे तिसरा हिस्सा.

जाताना जास्त, येताना कमी?

वैनगंगेत नाव घातलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रवाहासोबत जाल तर काठ भराभर मागं पडतो, उलट गेलात तर हात भरून येतात. नऊ-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्यांचे अरुंद, जोरकस पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्याही पुढं जातो.

९,००० किलोमीटरचा टप्पा धरा, विमानाचा हवेतला वेग ९००. समोरून सरासरी १०० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबानं वेग ८००, वेळ सव्वाअकरा तास. मागून असेल तर १,०००, वेळ नऊ तास. एकाच अंतराला सव्वादोन तासांचा फरक. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या पाठबळावर न्यूयॉर्कहून निघालेलं विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं. उलट दिशेला सात तासांच्या वर सहज लागतात.

आता खरी मजेची गोष्ट. एअर इंडिया दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला आधी अटलांटिकवरून जायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिनं पूर्वेकडून, पॅसिफिकवरून जाऊन पाहिलं. अंतर जवळपास १,४०० किलोमीटरनं वाढून सुमारे १५,३०० झालं, आणि तरी विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचलं. सगळा वारा पाठीशी होता. जवळची वाट आणि लवकरची वाट या दोन वेगळ्या वाटा असू शकतात. पाटणसावंगीवरून जायचं की बायपासनं, हा वाद घालणाऱ्याला हे ठाऊकच असतं.

पृथ्वी फिरतेच ना, मग वर थांबून राहायचं

हे काकूंच्या नातवानं विचारलं होतं, आणि मोठी माणसंही मनातल्या मनात विचारतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमानानं वर जाऊन नुसतं थांबावं, अमेरिका आपोआप खाली येईल.

नागपूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५६० किलोमीटर वेगानं फिरते आहे. पण जमिनीसोबत हवाही फिरते, आणि उडायच्या आधी विमानही फिरतच होतं. विदर्भ एक्सप्रेसच्या बर्थवर बसून नाणं वर उडवा. ते हातातच पडतं, मागच्या डब्यात जात नाही. तसं नसतं तर धरमपेठेत उडी मारणारा माणूस दूर पश्चिमेला जाऊन पडला असता. विमानाला 'थांबायचं' असेल तर त्या हवेच्या उलट ताशी १,५६० नं उडावं लागेल, आणि त्या उंचीवर आवाजाचाच वेग ताशी १,०६० च्या आसपास असतो. प्रवासी विमानं त्याच्याही पाच-दहा टक्के नाही, चांगली पंधरा-वीस टक्के खाली राहतात.

घड्याळाची वजाबाकी

आता काकूंच्या पहिल्या गणिताकडे या. साडेनऊ आणि एक, या दोन वेळा एकाच घड्याळातल्या नाहीत. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची स्थानिक असते.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. नागपूरपासून पश्चिमेकडे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे २०१ अंश आहेत. सूर्याच्या हिशेबानं फरक १३ तास २६ मिनिटं. सरकारी घड्याळांचा हिवाळ्यातला फरक साडेतेरा तास आहे, किती जवळ आलं बघा. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढं करतात, म्हणून काकू जातील तेव्हा साडेबारा.

मग साडेपंधरा अधिक साडेबारा, अठ्ठावीस. हरवलेले तास इथं बसले होते.

ताळा उलट्या बाजूनंही करता येतो. नागपूर-दिल्ली १ तास ४० मिनिटं. दिल्लीत इमिग्रेशन आणि वाट पाहणं ३ तास ५०. फ्रँकफर्टपर्यंत ९ तास. तिथं २ तास. पुढं साडेअकरा. बेरीज करा. यातले २२ तास १० मिनिटं विमानात, बाकीचे खुर्चीत आणि रांगेत. तिकीट काढताना साइटवर 'एकूण कालावधी' म्हणून जो आकडा बारीक अक्षरात असतो तो हाच. तारखा-वेळांपेक्षा आधी तो वाचावा, आणि तो खूपच मोठा दिसला तर थांबा कुठं किती आहे ते पाहावं.

काकूंनी वहीत अठ्ठावीस लिहिलं आणि पर्स उघडली. साखरेच्या गोळ्या त्या सकाळी आठ आणि रात्री आठ अशा घेतात. पर्समध्ये एकच गोळी होती, बुधवार सकाळची. मी म्हटलं, अमेरिकेच्या वेळेला गोळ्या कशा लावायच्या ते डॉक्टरांना विचारून घ्या, पण पर्समध्ये आख्खी पट्टीच राहू द्या.

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग मनगटावरचं जुनं एचएमटी घड्याळ पाहत म्हणाल्या, "हे मी बदलणारच नाही. नागपूरच्याच टायमावर ठेवते. तिथं उतरीन तेव्हा यात किती वाजतील?"

"रात्रीचा दीड."

"बुधवारचा?"

"गुरुवार लागलेला असेल, काकू."

"अरे बाप्पा," म्हणाल्या, आणि वहीत दशम्यांच्या पुढं लिहिलेला सहाचा आकडा खोडून दहा केला.